ढगाच्या पोटातली मोजणी

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. आम्हा कवींच्या कृपेने ढग पाण्यापेक्षा उपमांनीच जास्त भरलेला आहे. आमच्या सोलापूर भागातला शेतकरी मात्र ढगाला उपमा देत नाही. तो एकच सवाल करतो : ‘एवढं आभाळ भरलंय, मग पडत का नाही?’ या सवालाचे उत्तर शोधणारी माणसे विमानात बसून ढगाच्या पोटात शिरतात. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

ढगात पाणी असते, पण ते फार बारीक वाटलेले असते. मेघबिंदूचा व्यास साधारण 20 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. पावसाचा थेंब साधारण 2 मिलिमीटरचा. रुंदी शंभर पट झाली की पाणी दहा लाख पट लागते. दहा लाख मेघबिंदू एक झाले की एक थेंब! सुटा मेघबिंदू सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, आणि खालून येणारी हवा त्याला पुन्हा वर ढकलते. हवेत धूर-धूळ जास्त असली की तेच पाणी जास्त कणांवर वाटले जाते. एका भाकरीचे दहा वाटे केल्यावर कुणाचेच पोट भरू नये, तशी गत. ढग दाट दिसतो आणि कोरडाच निघून जातो.

म्हणून मेघबिंदू किती आणि केवढे, हे कळायला हवे. पूर्वी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर दिलेली काचेची पट्टी विमानाबाहेर क्षणभर धरत. बिंदू आदळून थरात खळगे पडत आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले जात. आता पंखाखाली दोन छोट्या भुजांचे उपकरण बसवतात. एका भुजेतून दुसरीकडे लेसरचा किरण जातो. बिंदू त्यातून गेला की प्रकाश विखुरतो, आणि किती विखुरला त्यावरून बिंदूचा आकार ठरतो. विमान सेकंदाला शंभर मीटर वेगाने धावत असते. तेवढ्या वेळात किरणाच्या मोजणीच्या जागेतून जेमतेम काही चहाच्या चमच्यांत मावेल इतकी हवा जाते. तरी दाट ढगात तेवढ्यातही हजारो बिंदू सापडतात.

मला सर्वांत भावले ते या लोकांचे संशय घेणे. दोन बिंदू एकाच वेळी किरणात शिरले, तर यंत्र त्यांना एकच मोठा बिंदू समजते. मग ढग पावसाला आला, असे उगाच वाटते. म्हणून ठरावीक मापाचे काचेचे मणी किरणातून सोडून यंत्राची परीक्षा घेतात. शिवाय शेजारी एक तापलेली तार असते. बिंदू तिच्यावर पडून वाफ होतात, तार थंडावते आणि त्यावरून एकूण पाणी कळते. लेसरचा हिशेब आणि तारेचा हिशेब ताडून पाहतात. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही.

ही काळजी का? कारण प्रश्न पैशाचा आणि आशेचा आहे. पाऊस लांबला की आमच्याकडे पोरे धोंडी काढतात, आणि ईदगाहवर इस्तिस्काची, म्हणजे पावसासाठीची नमाज होते. ती दुआ आहे, तिचा हिशेब कुणी मागत नाही. पण सरकारी खर्चाने कृत्रिम पाऊस पाडायचा म्हटले, की हिशेब मागावाच लागतो. मराठवाड्यात असे प्रयोग 2015 आणि 2019 मध्ये झाले. विमान उडाले आणि पाऊस पडला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो एरवीही पडला असता!

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापुरात प्रयोग केला तो याच प्रश्नासाठी. एकूण 276 ढग निवडले. कोणत्यावर बीज टाकायचे आणि कोणते तसेच सोडायचे, हे नशिबावर सोपवले, म्हणजे मर्जीला वाव राहिला नाही. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या. त्या क्षाराभोवती मोठे बिंदू बनतात आणि लहानग्यांना गिळत खाली येतात. हा बदल ढगात शिरलेल्या विमानाने टिपला, तर पाऊस रडार आणि पर्जन्यमापकांनी मोजला. 2023 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले : काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत वाढ, आणि वाऱ्याच्या दिशेला 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के.

अठरा टक्के म्हणजे काय? जिथे 10 मिलिमीटर पडला असता, तिथे जवळजवळ 12. करपत्या तुरीला तेवढेही मोलाचे. पण यासाठी मुळात योग्य ढग डोक्यावर हवा. निरभ्र आभाळातून पाऊस काढणारी विद्या कुणाकडेच नाही. म्हणून उद्या कुणी पावसाची हमी घेऊन गावात आला, तर त्याला अदबीने विचारा : ‘साहेब, ढगात बिंदू किती होते आणि केवढे होते? आणि न पेरलेल्या ढगातून किती पडला?’ ज्याने खरोखर मोजले असेल, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.