गोचीड आणि नवा शिपाई



गोचीड कुणाला ठाऊक नाही? म्हशीच्या कासेला, कुत्र्याच्या कानात टम्म फुगून बसलेली ही पाहुणी आपण रोज उपटतो नि टाकून देतो. पण तिनेच धडधाकट जवानांना अंथरुणावर पाडले, असे म्हटले तर?

अमेरिकेत टेक्सास राज्यात कँप बुलिस नावाची छावणी आहे. १९४२-४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, तिथे शिपायांना सरावासाठी रानात नेत. माघारी आल्यावर ताप, डोळ्यांमागे ठणका आणि अवधाणाच्या गाठी! रोगी हजाराच्या वर गेले. अंगावर गोचिडीच्या चाव्यांच्या खुणा होत्या. पण त्या तापाचा जंतू नक्की कोणता, हे काही ठरले नाही. पुढे आर्कान्सा राज्यातील फोर्ट चॅफी छावणीत एका शिपायाच्या रक्तात पांढऱ्या पेशींत शिरणारा जंतू सापडला. १९९१ साली त्याला छावणीचेच नाव मिळाले, एर्लिकिया चॅफिएन्सिस. यावर डॉक्सिसायक्लिन हे औषध लवकर दिले तर चांगले लागू पडते.

आता शिपायालाच ही का धरते? गोचिडीला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. ती गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहत बसते. श्वासाची, अंगाच्या उबेची चाहूल लागली, की अंगाला घासणाऱ्या कपड्याला चिकटते. शिपाई तर पोटावर सरपटणार, रात्री जमिनीवरच निजणार! चावा दुखत नाही, आणि पिलू असते खसखशीएवढे. ताप येतो काही दिवसांनी. तोवर पोरगा रजेवर घरी आलेला, आणि घरचे म्हणतात, दगदगीने आला असेल!

हे सारे दूरदेशीचे, असे मात्र समजू नका. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मेली, माणसेही आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधला. हाच माकडताप. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात, काजूच्या बागांत, दिसला. शंभरात तीन ते पाच रोगी दगावतात. याला डॉक्सिसायक्लिन चालत नाही, कारण हा विषाणू आहे. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली लसही म्हणावी तशी उपयोगी पडेना, म्हणून २०२२ साली थांबवली. तेव्हा चावा चुकवणे हाच मार्ग. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले डेपा तेल रानात जाणाऱ्यांनी उघड्या अंगाला लावावे.

शिक्षकमित्रहो, डिसेंबर ते मे या काळात तुमच्या छात्रसेनेचे शिबिर रानाकडेला असेल, तर मुलांच्या विजारी मोज्यांत खोचवा. संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची लवण, कानामागची जागा नीट पाहायला लावा. गोचीड दिसली तर काडी पेटवू नका, रॉकेल ओतू नका, बोटांनी चिरडू तर मुळीच नका. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आणि शिबिराची तारीख नि जागा मुलांच्या पालकांना चिठ्ठीवर लिहून द्या. पंधरवड्यात ताप आला, तर डॉक्टरांपुढे आधी ती चिठ्ठी ठेवावी, मग नाडी दाखवावी.