शेजारचा रंग

कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी आपल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचं. कापड रंगवणाऱ्यांचा धंदा या गावाच्या नावात टिकून राहिला आहे. आज बोलायचं आहे ते रंगाऱ्यांच्या विद्येबद्दल. साडीवर ब्लाऊज निवडताना, पोराच्या सदऱ्याचं कापड फाडून घेताना ती आजही आपल्या कामी येते.

जुन्या रंगाऱ्याकडे मुळातले रंग तीनच. निळा निळीचा, तांबडा आल या झाडाच्या मुळांचा नाहीतर मंजिष्ठाचा, पिवळा हळदीचा किंवा पळसफुलांचा. बाकीचे रंग एकावर एक चढवून मिळायचे. हिरवं लुगडं हवं असेल तर कापड आधी निळीत बुडवायचं. वर काढलं की ते पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. मग त्यावर पिवळा चढवला की हिरवा तयार. पण हळद उन्हाला टिकत नाही, म्हणून असं लुगडं सारखं उन्हात वाळलं की पुन्हा निळ्याकडे झुकतं. आलाचा तांबडा तुरटीशिवाय धरत नाही, आणि तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी दिलं तर तीच मुळं काळपट जांभळा रंग देतात.

शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला आपण रंगचक्र काढतो, ते याच तिघांवर उभं असतं. चक्रात जवळजवळ बसलेले रंग, म्हणजे निळा आणि जांभळा, एकमेकांत सहज मिसळतात. समोरासमोरचे, म्हणजे तांबडा आणि हिरवा, शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात. हे कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं पॅरिसच्या एका रंगशाळेत उलगडलं. मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ 1824 साली गोबलँ या सरकारी विणशाळेत रंगकामाचे प्रमुख झाले. तिथं तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्यांनी तो तपासला, तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. यावर त्यांनी 1839 साली मोठा ग्रंथ छापला. रंग कसा दिसेल हे त्याचा शेजारी ठरवतो, हे त्यांचं म्हणणं आजही खरं आहे.

आपल्या पैठणच्या विणकराच्या हाताला मात्र हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. निळ्यावर तांबडा विणला की लांबून जांभळी साडी दिसते, आणि निरी हलली की कधी निळा, कधी तांबडा उसळून वर येतो. पण समोरासमोरचे रंग असे धाग्याला धागा लावून विणले, तर लांबून दोन्ही मिळून तपकिरी, मातकट होतात. तेच रंग मोठ्या पट्ट्यात वेगळे ठेवले, अंग हिरवं आणि काठ लाल, तर दोन्ही झळाळतात. म्हणजे रंग तेच असले तरी पट्टा केवढा, यावर सगळं अवलंबून.

प्रमाणही तितकंच महत्त्वाचं. चंद्रकला घ्या. सगळं अंग काळं आणि काठ तेवढा लाल. तोच लाल अर्ध्या साडीवर पसरला असता तर काळ्याची शान गेली असती. इरकलीचंही तसंच: साधं अंग, ठसठशीत काठ. मला वाटतं, एक रंग घराचा, एक सोबतीचा आणि तिसरा चिमूटभर, यापुढे सहसा जाऊ नये. आजकाल मॅचिंग सेंटरात साडीच्या अंगाला तंतोतंत जुळणारा ब्लाऊजपीस शोधण्यात तास जातो. मी तरी काठातला किंवा पदराच्या बुट्टीतला एखादा रंग उचलायला सांगेन. साडी लगेच उजळते.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कपड्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी म्हणजे आपली कांती. आपल्याकडे सावळ्या मुलीला लहानपणापासून बजावतात, भडक नको, तुला फिकंच शोभेल. हे चूक आहे, आणि पोरीच्या मनाला लागणारं आहे. सावळ्या कांतीशेजारी हळदी, डाळिंबी, मोरपंखी हे रंग पुरत्या तेजानं उठतात, आणि त्यांच्यामुळे कांतीही तुकतुकीत दिसते. उलट मातकट, राखी कापड कांतीच्या फार जवळचं असलं तर दोन्ही एकमेकांत विरून जातात. आयांनो, मुलीला मोरपंखी हवा असेल तर घेऊ द्या.

खरेदीला जाल तेव्हा कापड दिव्याखाली पसंत करू नका. दुकानातल्या दिव्यात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. ठाण दारापर्यंत न्यायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. साडी आणि ब्लाऊजपीस एकमेकांना लावून हनुवटीखाली धरा, डोळे किंचित मिटून बघा. त्यात गडद-फिक्याचा फरक लगेच कळतो. मग सोबतच्या माणसाला चार पावलं मागं जाऊन बघायला सांगा, कारण लग्नाच्या मांडवात लोक आपल्याला तेवढ्याच अंतरावरून बघणार आहेत.