काजूगर आणि पारखी यंत्र

गोव्यात यंत्रयुग प्रथम डोंगरावर अवतरले. डिचोली तालुक्यातील शिरगाव, पाळी, साखळी या परिसरात लोहखनिजाचा व्यवसाय वाढू लागला, तेव्हा खाणीतील माती हातांनी खणली जाई आणि खनिजाने भरलेल्या पाट्या स्त्रियांच्या डोक्यावरून वाहिल्या जात. १९५० नंतरच्या दशकात यांत्रिक फावडी आणि मालमोटारी आल्या. जे काम दिवसभर पाट्या वाहून व्हावयाचे, ते घटकाभरात होऊ लागले. १९६७ साली पाळी येथे खनिजाच्या भुकटीपासून गोळ्या बनविणारा कारखाना निघाला. त्या प्रकारचा तो भारतातील पहिलाच होय.

या पहिल्या स्थित्यंतरात यंत्राने माणसाच्या अंगबळाचे काम आपल्याकडे घेतले. डोक्यावरचा भार उतरला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण ज्या स्त्रियांच्या डोक्यावरून पाटी उतरली, त्यांना फावड्याच्या किंवा मालमोटारीच्या चाकापाशी कोणी बसविले नाही. ती कामे बहुतांशी पुरुषांकडे गेली. यंत्र आले म्हणजे काम नाहीसे होते असे नाही; ते एका हातातून निघून दुसऱ्या हातात जाते. कोणाच्या हातात जावे, याचा विचार कोणी आधी केला नाही तर तो विचार यंत्र विकत घेणाराच परस्पर करून टाकतो.

आज उंबरठ्यावर आलेले यंत्र निराळ्या जातीचे आहे. ते पाहते, तुलना करते, आणि समोरची वस्तू स्वीकारावी की नाकारावी याचा निर्णय देते. उद्योगाच्या परिभाषेत याला बुद्धिमान स्वयंचलन म्हणतात. मोटारींच्या कारखान्यातील यांत्रिक हात हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु ते समजून घेण्यास श्रोत्यांनी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या काजूच्या बीमागोमाग कारखान्यापर्यंत गेले तरी पुरे.

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणले. बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु बीपासून निघणारा गर हा स्वतंत्र उद्योग आहे, आणि डिचोलीचे नाव त्या व्यापारात जुने आहे. एक किलो बी फोडली तर साधारण पाव किलो गर हाती लागतो. तेवढ्यासाठी बी उन्हात वाळवावी लागते, वाफेवर शिजवावी लागते, थंड झाल्यावर एकेक करून फोडावी लागते. आतला गर सालीसकट बोर्म्यात सहा-आठ तास सुकवून मग त्याची तांबूस साल काढावी लागते. त्यानंतर प्रतवारी. हे सर्व काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची मजुरी दिवसावर नसून वजनावर असते.

यात कौशल्य कोठे आहे, असे कोणास वाटेल. काजूच्या टरफलात एक दाहक तेल असते. हाताला लागले तर कातडी काळी पडते, सोलून निघते. म्हणून फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा एरंडेल चोळून बसतात. पायाने पात्याची दांडी दाबावयाची, हाताने बी धरावयाची, आणि दाब इतकाच द्यावयाचा की टरफल उकलावे पण गर दुभंगू नये. कारण अख्ख्या गराला जो भाव येतो तो पाकळीला येत नाही, आणि पाकळीला येतो तो तुकड्याला येत नाही. प्रतवारीत तर निव्वळ डोळ्याची परीक्षा असते. बाजारात ज्या मालाला ‘डब्ल्यू १८०’ म्हणतात त्याचे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, १७० ते १८० गर भरतात. ‘डब्ल्यू ३२०’चे ३०० ते ३२०. गर हातात घेताक्षणी तो कोणत्या ढिगातला, तो पांढरा की किंचित करपलेला, त्याला किडीचे बारीक छिद्र आहे की काय, हे सरावलेली बाई मान वर न करता सांगते.

हीच पारख आता यंत्र करू लागले आहे. ‘कलर सॉर्टर’ या नावाने ते कारखानदारांना परिचित आहे. गर एका उतरत्या पन्हळीवरून सुटे सुटे होऊन खाली पडतात. पडता पडता दोन्ही बाजूंचे कॅमेरे प्रत्येक गराचे चित्र घेतात. संगणक ते चित्र तपासतो, आणि गर सदोष ठरला तर हवेचा एक बारीक झोत त्याला नेमका बाजूला उडवितो. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे घडून जाते, आणि तासाला शेकडो किलो माल निवडून निघतो. जुन्या यंत्रांना फक्त रंग कळत असे. नवीन यंत्रांना हजारो चित्रे दाखवून शिकविलेले असते, त्यामुळे आकार, भेग, कीड आणि चिकटून राहिलेली साल हेही त्यांना ओळखता येते.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. यंत्राला चांगला गर कोणता आणि वाईट कोणता, हे प्रथम शिकविले कोणी? कोणीतरी अनुभवी माणसाने चांगल्या गरांची एक पाटी आणि वाईट गरांची दुसरी पाटी निवडून त्याच्यापुढे मांडली, तेव्हाच ते शिकले. पुढेही त्याला सोडून देऊन चालत नाही. काचेवर सालीची धूळ बसली, किंवा त्याची संवेदना वाजवीपेक्षा तीव्र ठेवली गेली, तर ते उत्तम गरही नाकारू लागते आणि मालकाचे नुकसान निमूटपणे होत राहते. नाकारलेल्या मालाची पाटी अधूनमधून कोणीतरी जाणत्याने चाळून पाहावी लागते. शिवाय कॅमेऱ्याला नाक नाही. खवट वास आलेला पण दिसावयास गोमटा असा गर त्याच्या डोळ्यांदेखत पुढे जातो. तात्पर्य, पारखी यंत्राच्या मागे पारखी माणूस लागतोच.

मग यंत्र आणावेच कशाला, असा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर बाजार देतो. एके काळी काजूगराच्या जागतिक व्यापारात भारताला तुल्य असा प्रतिस्पर्धी नव्हता. व्हिएतनामने फोडणी, सोलणी आणि प्रतवारी यंत्रावर नेली, आफ्रिकेतून आणि शेजारच्या कंबोडियातून बी आणविली, आणि २००६च्या सुमारास गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले. केरळातील कोल्लम हे हातफोडणीचे मोठे केंद्र. तेथे २०१५ नंतरच्या वर्षांत शेकडो कारखाने बंद पडले. त्याची कारणे अनेक होती; परंतु यंत्रावर तयार झालेल्या स्वस्त गराशी स्पर्धा हे त्यांतील एक होते. यंत्राला दाराबाहेर ठेवले म्हणून आतले काम सुरक्षित राहते, हा समज कोल्लमने खोटा ठरविला आहे.

दुसरे कारण घरातलेच आहे. ज्या आयांनी काळवंडलेल्या हातांनी काजू फोडले, त्यांनी मुलींना शाळेत घातले ते पुन्हा त्याच पात्यापुढे बसविण्यासाठी नव्हे. पेडण्याच्या मुलीपुढे आज तुयेची औद्योगिक वसाहत आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेला मोपाचा विमानतळ आहे. दाहक तेलाचे काम यंत्राने घ्यावे, याबद्दल कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि यंत्र विकत आणून कारखान्यात मांडले म्हणजे उद्योग आधुनिक झाला, असे होत नाही. फोडणीच्या यंत्राला एकसारखी बी लागते. माणसाचा हात लहान-मोठ्या बीप्रमाणे आपला दाब बदलतो. यंत्राला मात्र बी आधी आकारवार चाळून द्यावी लागते, नाहीतर मोठी बी चिरडते आणि लहान तशीच निसटते. गोव्यातील जुनी झाडे बीपासून आपोआप वाढलेली. म्हणून त्यांची फळे नाना आकारांची. पेडण्याच्या सीमेपलीकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’ ही जात १९८१ साली आणि टपोऱ्या बीची ‘वेंगुर्ला-७’ ही जात १९९७ साली दिली. अशा कलमांच्या बागा वाढल्या तर यंत्राची निम्मी अडचण बागेतच सुटेल. म्हणजे कारखान्याच्या सुधारणेचा आरंभ डोंगरावरच्या बागायतदारापासून होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

आणखी एक अडचण लहान कारखानदाराची. हंगाम मार्च ते मे असा मोजका, माल थोडा, आणि प्रतवारीचे यंत्र महाग. एकट्याने कर्ज काढून ते घेतले तर व्याजापुढे नफा टिकत नाही. पाच-दहा लहान कारखान्यांनी सहकारी पद्धतीने एक सामाईक प्रतवारी केंद्र चालविले, तर तेच यंत्र वर्षभर राबेल. गावात एकच भातगिरणी असते आणि साऱ्या वाड्यांचे भात तेथे कांडले जाते. त्यातलाच हा प्रकार.

राहता राहिला प्रश्न त्या स्त्रियांचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. वजनावर मजुरी घेणारी बाई यंत्र आल्याच्या दिवशी काढून टाकली असे कागदावर कोठेच दिसत नाही. तिला फक्त काम कमी मिळत जाते, आणि एके दिवशी ती येईनाशी होते. उपजीविका एकाएकी थांबली म्हणजे काय होते, हे डिचोलीला कोणी सांगावयास नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मालमोटारी दारात उभ्या राहिल्या आणि कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहिले. त्या वेळी तयारीस अवधी मिळाला नाही. काजूच्या बाबतीत तो अजून हातात आहे.

म्हणून यंत्राची मागणी नोंदविताना त्याच कागदावर दुसरी नोंदही व्हावी: हे यंत्र चालविण्यास प्रतवारीच्या कोणत्या बाया शिकविल्या जाणार, किती दिवसांत, आणि शिकत असता त्यांना मजुरी काय मिळणार. डिचोलीस आणि पेडण्यास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मये येथे तंत्रनिकेतन आहे. तेथे दहावी-बारावी झालेल्या मुलांसाठी वर्ग चालतात. त्यांच्याच जोडीला, शाळा फारशी न पाहिलेल्या पण गर अचूक ओळखणाऱ्या स्त्रियांसाठी मराठीत आणि कोंकणीत चार-सहा आठवड्यांचा वर्ग काढणे अवघड नाही. बटणे कोणती, काच केव्हा पुसावी, संवेदना किती ठेवावी, नाकारलेली पाटी कशी तपासावी, एवढेच शिकवावयाचे आहे. गर ओळखणे ही जी खरी विद्या, ती त्यांना कोणी शिकवावयाची नाही. ती त्यांच्यापाशी आहेच. मालकाने तिची किंमत वजनाच्या मजुरीत न मोजता मासिक वेतनात मोजावी, म्हणजे यंत्राबरोबर त्यांचाही दर्जा वाढेल.