घरातील टेलिफोनची तार आणि ग्राहकाचा हक्क



मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावात शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत आणि अनेक घरे टेलिफोन व इंटरनेटसाठी दारातून आत येणाऱ्या एका तारेवर अवलंबून असतात. पावसाळ्यात ती तार बंद पडली, कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटांत जोड बसवून गेला आणि पुढच्या बिलात भेटीचे शुल्क दिसले, तर ग्राहकाने काय करावे?

टपाल व तार खात्याच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. तार खात्याची आणि यंत्रही खात्याचेच असे. आता मात्र कंपनीची जबाबदारी कोठे संपते आणि घरमालकाची कोठे सुरू होते, हे जोडणीच्या अटींवर ठरते. त्या अटी जोडणी घेतानाच वाचून ठेवणे अगत्याचे आहे.

बिघाड कोणत्या बाजूस आहे, हे पुष्कळदा घरीच कळते. तार घरात जेथे शिरते तेथील पहिल्या जोडपेटीला टेलिफोन लावून पाहावा. तेथे आवाज स्वच्छ येत असेल, तर दोष आतल्या तारेत आहे असे समजावे. उंदराने कुरतडलेली तार किंवा ओल धरलेला जोड गावातील वायरमनही दुरुस्त करू शकतो. तेथेही आवाज नसेल आणि यंत्र चांगले असेल, तर दोष बाहेरचा असण्याचा संभव अधिक.

तक्रार नोंदविताना तिचा क्रमांक लिहून घ्यावा आणि शुल्क लागेल काय, किती व कशाबद्दल, हे आधीच विचारावे. पैसे दिल्यास पावती मागावी. पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. समाधान न झाल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या विनियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

त्यापुढचा मार्ग बराच काळ अडला होता. 1885 च्या तार कायद्यात लवादाची तरतूद असल्याने टेलिफोन बिलाचे वाद ग्राहक मंचाकडे नेता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिला. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक मंचाचा मार्ग खुला असल्याचे स्पष्ट केले. आज नामपूरचा ग्राहक नाशिक येथील जिल्हा आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. सेवेचा मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. सल्ल्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

रक्कम लहान असते, म्हणून माणूस गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढली की तीच लहान रक्कम मोठी होते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती घरोघर पोहोचविली, तर बिल मुकाट्याने भरण्याऐवजी ते वाचून भरण्याची सवय गावाला लागेल.