केसपेपरवरील एक रकाना
(वार्षिक सभेतील निवेदन)



कंधार, अहमदपूर, उदगीरहून आमच्याकडे येणारे साठीपुढील रुग्ण बहुधा एकच व्याधी घेऊन येत नाहीत; मधुमेह, रक्तदाब, संधिवात एकत्रच नांदत असतात. 'व्यसन' या रकान्यात मात्र 'नाही' असते, कारण उत्तर मुलगा देतो. वडिलांच्या अब्रूचा प्रश्न आम्ही जाणतो. परंतु नित्य घेणाऱ्याची दारू दाखल होताच एकाएकी तुटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातांना कंप, भास, बरळणे सुरू होते. वयामुळे भ्रम झाला, असे घरची मंडळी समजतात. वस्तुतः हे जिवावर बेतू शकते. वेळीच कळल्यास उपचार आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी दारू घेतल्यास साखर धोकादायक उतरू शकते, आणि घरच्यांस ती झिंगच वाटते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यक आमचा प्रांत नव्हे. मात्र नोंद खोटी असेल तर पुढचा सारा हिशेब चुकतो, एवढे आम्हांस कळते. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून रुजवीत आले आहे. पुढील उपचारांसाठी नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेतच.

यापुढे हा प्रश्न परिचारिका रुग्णासच, नातेवाईकांना क्षणभर बाहेर बसवून विचारतील. कृपया राग मानू नये. उत्तर उपचार करणाऱ्यांपुरतेच राहील.