वापरलेले तेल काय सांगते?



ट्रकच्या डिझेल इंजिनातून काढलेले काळे तेल पाहून ‘तेल गेले’ असा निर्वाळा देणारे पुष्कळ भेटतात. परंतु डिझेल इंजिनातील तेल काळे होणारच. ज्वलनातून निघणारी काजळी बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे. रंगावरून फारसे काही कळत नाही, म्हणून तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि तेथून आकड्यांनी भरलेला एक कागद परत येतो. तो कागद कसा वाचावा, एवढाच आजचा माझा विषय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील रेल्वे कंपन्या आपल्या डिझेल इंजिनांच्या तेलातील धातू मोजू लागल्या, आणि पुढे ही पद्धत इतरत्र पसरली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तत्त्व साधे आहे. तेल अतिशय उच्च तापमानाला नेले की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण ठरविता येते. हे प्रमाण दर दहा लाख भागांत किती भाग, असे सांगतात. पुढे मी नुसता आकडाच सांगेन.

जोधपूरच्या परिसरात वालुकाश्माचे दगड वाहणाऱ्या एका ट्रकचा अहवाल माझ्यापुढे आला होता. मालक स्वतःच चालक होता. आधीच्या अहवालात लोखंड 30 होते, ते 95 झाले होते. मिस्त्रीने इंजिन खोलण्याचा सल्ला दिला होता आणि त्यासाठी कर्ज काढण्याची तयारी चालली होती. लोखंड बहुधा सिलिंडरच्या झिजेतून येते, तेव्हा सल्ला अगदीच निराधार नव्हता. पण त्याच कागदावर सिलिकॉन 9 वरून 42 वर गेले होते आणि ॲल्युमिनियमही चढले होते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम बरोबरीने वाढले म्हणजे धुळीचा संशय घ्यावा, कारण माती मुख्यतः याच दोहोंच्या संयुगांची बनलेली असते. शोध घेता एअर फिल्टर आणि टर्बो यांना जोडणारी रबरी नळी क्लिपेखाली फाटलेली आढळली. नळी बदलली, तेल बदलले. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन उतरले आणि त्यापाठोपाठ लोखंडही. इंजिन खोलून नवे लायनर व रिंगा बसविल्या असत्या, तर त्याच धुळीने त्याही घासून निघाल्या असत्या.

हेच सिलिकॉन एकटे वाढले असते आणि लोखंड स्वस्थ असते, तर अर्थ निराळा झाला असता. नुकत्याच जोडलेल्या इंजिनात सांधे बंद करण्याच्या लेपातूनही सिलिकॉन तेलात उतरते व त्याने काही बिघडत नाही. तांब्याचेही तसेच. शिसे आणि कथील यांच्या संगतीत ते वाढले तर बेअरिंगची काळजी करावी; एकटेच चढले तर ते पुष्कळदा तेल थंड करणाऱ्या कूलरच्या तांब्यातून रासायनिक क्रियेने आलेले असते. आकड्याची सोबत पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लावू नये.

सर्वांत फसवा आकडा श्यानतेचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा. 15डब्ल्यू-40 या तेलाची श्यानता 100 अंश सेल्सियसला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. इंजेक्टर बिघडला की न जळलेले डिझेल तेलात उतरते व तेल पातळ करते. पण त्याच बिघाडाने काजळीही वाढते आणि ती तेल दाट करते. दोन दोष एकमेकांना झाकतात आणि श्यानता निर्दोष दिसते! म्हणून इंधनाचे व काजळीचे आकडे वेगळे मागून घ्यावेत.

शीतकाच्या गळतीतही अशीच भूल पडते. तापलेल्या इंजिनात पाणी उडून जाते आणि अहवालात ‘पाणी नाही’ असे येते. सोडियम व पोटॅशियम मात्र मागे राहतात. तरी काही तेलांत सोडियम मुळातच मिसळलेले असते. त्यासाठी त्याच तेलाचा एक कोरा नमुना आधी तपासून ठेवावा.

आता नमुन्याविषयी. इंजिन गरम असताना, तेल सोडल्यावर पहिली धार वाहू द्यावी व मधल्या धारेतून स्वच्छ, कोरडी बाटली भरावी. बाटलीवर हे तेल किती किलोमीटर चालले आणि मध्ये किती लिटर नवे तेल घातले, ते लिहावे. 10,000 किलोमीटरमधील 40 लोखंड आणि 40,000 किलोमीटरमधील 40 लोखंड एक नव्हे. तेल खाणारे इंजिन तर कागदावर निरोगी भासते, कारण वरचेवर घातलेले नवे तेल झिजेचे आकडे पातळ करीत असते. ही नोंद बहुतेक जण टाळतात. मला विचाराल तर नोंदीविना आलेला नमुना मी परत पाठवीन.

शेवटी या यंत्राची मर्यादा. काही मायक्रॉनपर्यंतचे कणच त्याला नीट दिसतात, धातूचा मोठा तुकडा दिसत नाही. तो ऑइल फिल्टरमध्ये अडकून बसतो. तेव्हा जुना फिल्टर कापावा, त्याच्या घड्या उलगडून उन्हात धराव्यात आणि काही चकाकते का ते पाहावे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.