मद्यासक्ती, ‘ब-१’ जीवनसत्त्व आणि मेंदू

मद्यपानाचे दुष्परिणाम म्हटले की यकृत डोळ्यांपुढे येते. मेंदूची हानी सहसा ध्यानात येत नाही. ठाणे, कल्याण वा डोंबिवली स्थानकाबाहेर झोकांड्या खाणारा मनुष्य दिसला की ‘प्यायलेला आहे’ म्हणून लोक वाट बदलतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु नशा उतरल्यावरही पावले अडखळत असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील आणि स्थळकाळाचे भान सुटले असेल, तर शरीरातील थायामिन, म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व, संपत आल्याची शंका घ्यावी. तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. एकही पुरेसे समजावे.

ग्लुकोजपासून ऊर्जा मिळविण्यासाठी मेंदूला थायामिन लागते आणि त्याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत पिणाऱ्याचे जेवण सुटते. जे पोटात जाते त्यातील थायामिनही मद्यामुळे नीट शोषले जात नाही. मुरबाड-शहापूरकडे भात हेच मुख्य पीक. थायामिन दाण्याच्या कोंड्यात व अंकुरात असते; गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होताना ते बहुतांशी निघून जाते. हातसडीच्या वा उकड्या तांदळात बरेच टिकते.

कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हा विकार तीन रुग्णांत वर्णिला. दोघे मद्यासक्त होते. तिसरी स्त्री आम्ल प्यायल्यानंतर उलट्यांनी खंगलेली होती. म्हणजे मूळ प्रश्न उपासमारीचा. उपचार लांबले तर स्मृती जाते. ही अवस्था रशियन वैद्य कोर्साकॉव्ह यांनी १८८७ पासून मांडली. सकाळी काय खाल्ले हे अशा रुग्णास आठवत नाही, पण कालच गावी जाऊन आल्याची हकिकत तो सविस्तर सांगतो. तो खोटे बोलत नसतो; स्मृतीतील पोकळी मन भरून काढीत असते. घरच्यांना मात्र ती लबाडी वाटते, कारण दारुड्याच्या शब्दाला आधीच किंमत उरलेली नसते.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे; त्यामुळे बरळणारा मनुष्य थेट तेथे नेण्याकडे कल असतो. अशा रुग्णास प्रथम सर्वसाधारण रुग्णालयात न्यावे : कल्याणास रुक्मिणीबाई, डोंबिवलीस शास्त्रीनगर. थायामिन शिरेतून, ग्लुकोजच्या सलाईनपूर्वी वा निदान त्याबरोबर दिले जावे लागते. नुसत्या ग्लुकोजने उरलासुरला साठाही संपू शकतो. सोबत जाणाऱ्या पंचायत सदस्याने वा शिक्षकाने तो किती पितो हे तर सांगावेच, पण किती दिवस धड जेवलेला नाही हे आधी सांगावे.